फेक तीच, जागा वेगळी : सुरी आणि टॉमहॉक फेकीच्या स्पर्धेत उतरायचं तर

सुरी फेकायला नवा आलेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. सुरी रुतली नाही की जोर वाढवतो. मग ती आणखी जोरात आपटते आणि आणखी लांब उडून पडते. हा छंद ज्याला स्पर्धेपर्यंत न्यायचा आहे त्याने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की धरावी: फेक बदलायची नाही, आपली उभं राहायची जागा बदलायची.

यामागे सरळ गणित आहे. हातातून सुटताना सुरीला दोन गती मिळतात, एक पुढे जाण्याची आणि दुसरी स्वतःभोवती फिरण्याची. मनगट ताठ ठेवून हात एका लयीत खाली आणला, तर दोन्ही गती त्या एकाच हालचालीतून येतात. जोरात फेकली तर सुरी पुढेही वेगाने जाते आणि फिरतेही वेगाने. हळू फेकली तर दोन्ही वेग कमी होतात. म्हणून एक पूर्ण गिरकी घ्यायला तिला लागणारं अंतर जवळपास तेवढंच राहतं. ते ठरतं तुमच्या हाताच्या लांबीवर, सुरीच्या लांबीवर आणि पकडीवर. मनगटाला झटका दिला की हे सगळं बिघडतं, कारण झटक्याने फिरणं वाढतं, पुढे जाणं नाही. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी कुठली स्पर्धा ते ठरवा

मी टेक्सासमध्ये राहतो, त्यामुळे मला दिसतो तो अमेरिकेतला खेळ. इथे त्याच्या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि सरावाला लागण्याआधी त्यातली आपली कुठली हे ठरवलेलं बरं, कारण अंतरं, हत्यारं आणि गुण तिन्हीकडे वेगळे आहेत.

पहिली वाट जुन्या मेळाव्यांची. १८२५ ते १८४० या काळात रॉकी पर्वतात बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांचा व्यापार करणारे शिकारी उन्हाळ्यात एका ठरलेल्या जागी जमत, माल विकत, पुढच्या वर्षाचं सामान घेत आणि पैजा लावून खेळत. त्या मेळाव्यांना रॉन्देव्हू म्हणत. आज हौशी मंडळी त्या काळचे कपडे घालून तसेच मेळावे भरवतात. ठासणीच्या बंदुकीच्या नेमबाजीबरोबर तिथे टॉमहॉक (म्हणजे फेकायची छोटी कुऱ्हाड) आणि सुरी यांची फेकही असते. १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं केंद्र इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या गावी आहे, आणि या मंडळींचा मोठा राबता तिथे असतो. या मेळाव्यांतला माझा सगळ्यात आवडता प्रकार पत्त्याचा: खेळायचा पत्ता लाकडात कडेवर उभा खोचतात आणि टॉमहॉकने तो कापायचा असतो.

दुसरी वाट मोकळ्या मैदानावरच्या सुरी-टॉमहॉक स्पर्धांची. ऑस्टिनमध्ये २००३ साली सुरू झालेली इंटरनॅशनल नाइफ थ्रोअर्स हॉल ऑफ फेम ही संस्था जागतिक स्पर्धा भरवते. युरोपात युरोथ्रोअर्स ही संघटना आहे. ज्याला दोन्ही हत्यारं आणि अनेक अंतरं यांत पारंगत व्हायचंय त्याची ही वाट, आणि या लेखात मी मुख्यतः तिच्याविषयीच लिहितोय.

तिसरी वाट बंदिस्त जागेतल्या कुऱ्हाडफेकीच्या लीगची. टोरंटोमध्ये २००६ साली एका घराच्या मागच्या अंगणात मित्रांनी सुरू केलेल्या खेळातून तिचा जन्म झाला. आज इंटरनॅशनल अ‍ॅक्स थ्रोइंग फेडरेशन, म्हणजे आयएटीएफ, आणि २०१७ साली सुरू झालेली वर्ल्ड अ‍ॅक्स थ्रोइंग लीग, म्हणजे डब्ल्यूएटीएल, या दोन संघटनांच्या नियमांनी ती चालते. कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी सुरुवात इथून करावी असं मी मनापासून सांगतो. हत्यार तिथेच मिळतं, शिकवणारा माणूस समोर असतो आणि दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी गुण मोजून फेकायची सवय लागते.

सुरी कशी निवडायची

स्वयंपाकघरातली सुरी नको. तिचं पातं कडक पोलादाचं आणि पातळ असतं, आडवी आपटली की तुकडा उडतो. फेकायची सुरी एकाच पट्टीतून कापलेली असते, मूठ आणि पातं अखंड, वर लाकूड किंवा प्लास्टिक नाही. धार नसते, असलीच तर घासून काढा. फक्त टोक अणकुचीदार लागतं.

लांबी ३० ते ३५ सेंटिमीटर, वजन २५० ते ३५० ग्रॅम, जाडी ५ मिलिमीटरच्या आसपास. यापेक्षा छोट्या, हलक्या सुऱ्यांचे सहा-सहाचे स्वस्त संच ऑनलाइन भरपूर मिळतात आणि नवा माणूस तेच घेतो. ते घेऊ नका. हलकी सुरी हातातली बारीकशी चूकही मोठी करून दाखवते. जड, लांब सुरी सावकाश फिरते आणि थोडी चूक पोटात घालते. शिवाय बहुतेक स्पर्धांत सुरीच्या एकूण लांबीला किमान मर्यादेची अट असते. ती साधारण २३ सेंटिमीटर, म्हणजे ९ इंच असते, आणि त्या स्वस्त संचांतल्या बऱ्याच सुऱ्या तिथेच बाद होतात.

तोल मध्यावर असलेली सुरी घ्या. बोटावर आडवी ठेवून पाहा, मधोमध तोलली गेली तर ती मुठीकडूनही फेकता येते आणि पात्याकडूनही. ही सोय पुढे लांबच्या अंतरांवर फार कामाला येते. पोलाद अति कडक नसावं. फेकीच्या सुरीने थोडं वाकावं, तुटू नये. वाकलेली सरळ करता येते.

एकाच मापाच्या निदान तीन घ्या. एक सुरी घेऊन शिकता येत नाही, कारण प्रत्येक फेकीनंतर चालत जाऊन आणायची म्हटली की हाताला लय सापडायच्या आधीच मोडते. स्पर्धेतही तीन-तीनचेच संच असतात.

टॉमहॉक

कुऱ्हाड आणि टॉमहॉक यांत खेळाडूसाठी महत्त्वाचा फरक दांडा बसवण्याचा. लाकूडतोडीच्या कुऱ्हाडीत दांडा खालून घालून वरून पाचर ठोकतात. टॉमहॉकमध्ये दांडाच आपल्या टिकावासारखा वरून पात्याच्या भोकातून सरकवतात. दांड्याचं वरचं टोक जाड असतं, त्यामुळे फिरताना पातं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं आणि आणखी घट्ट बसतं. दांडा तुटला तर दोन मिनिटांत नवा बसतो. सरावात दांडे तुटतातच, म्हणून एक-दोन जादा ठेवावेत.

दांडा हिकरी या चिवट लाकडाचा, साधारण १९ ते २२ इंचांचा. पात्याच्या मागच्या बाजूला हातोडी किंवा टोकदार काटा असलेले प्रकार दिसायला रुबाबदार असतात, पण शिकताना मागची बाजू साधी गुळगुळीत असलेलाच घ्या; उलटा आपटून परत आला तर काट्याची भीती नको. कोल्ड स्टील या कंपनीच्या टॉमहॉकला पातं धरून ठेवणारा छोटा स्क्रू असतो. बरेच खेळाडू तो काढूनच टाकतात, कारण दांड्याचं लाकूड त्याच जागी खचतं आणि तिथूनच तडकतं. पातं आतून थोडं घासून दांड्यावर नीट बसवलं की स्क्रूची गरज राहत नाही.

ओंडका

टार्गेट चुकीचं असेल तर चांगली फेकसुद्धा परत येते आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून यावर पैसे आणि वेळ खर्च करा.

सगळ्यात उत्तम म्हणजे मऊ लाकडाच्या ओंडक्याची आडवी कापलेली जाड चकती, ज्यात झाडाची वलयं तुमच्याकडे तोंड करून असतात. सुरीचं टोक तंतूंच्या मधे शिरतं, तंतू बाजूला होतात आणि सुरी काढल्यावर पुन्हा बरेचसे मिटतात. अमेरिकेत कॉटनवूड, युरोपात पॉप्लर वापरतात. जाडी किमान १५ सेंटिमीटर, व्यास ५० सेंटिमीटर किंवा जास्त. फळ्या वापरायच्या तर तंतू उभे येतील अशा लावा. टॉमहॉकची धारही उभीच येऊन लागते.

चकती सराव नसताना ओल्या गोणपाटाखाली ठेवा. कोरडं लाकूड कडक होतं आणि भेगाळतं, ओलसर लाकूड हत्यार धरून ठेवतं. लीगच्या हॉलमध्येही फळ्यांवर पाणी मारत असतात ते याचसाठी. आणि चकती घट्ट बांधा. दोरीला लोंबकळणारं किंवा डुगडुगणारं टार्गेट सुरीचा धक्का खाऊन टाकतं आणि सुरी रुतत नाही.

मध्यबिंदू साधारण छातीच्या उंचीला ठेवा. खाली माती, गवत किंवा भुसा हवा. काँक्रीटवर पडलेल्या सुरीचं टोक वळतं आणि ती कुठेही उसळते.

मैदानाची शिस्त

इथे मी कुणाचीही सवलत मानत नाही.

दोन मीटरच्या आतून कधीही फेकायचं नाही. सुरी आणि टॉमहॉक दोन्ही परत येतात, आणि टॉमहॉक दांड्यावर आपटून आला तर फेकणाऱ्यापर्यंत सहज येतो. पायात बंद बूट, डोळ्याला चष्मा. बघणारे फेकणाऱ्याच्या मागे, काही मीटर अंतर राखून. बाजूला कुणीही नको. टार्गेटच्या मागे भिंत, मातीचा बांध किंवा जाड रबरी पडदा हवा, आणि त्यापलीकडे रस्ता किंवा पायवाट नको.

सगळ्यांच्या फेकी संपल्यावर एकाने मोठ्याने ‘क्लिअर’ म्हणायचं, त्यानंतरच सगळ्यांनी एकदम पुढे जायचं. पुढे चालत जायचं, धावत नाही. रुतलेल्या टॉमहॉकचा दांडा बरोबर चेहऱ्याच्या उंचीला असतो. हत्यार काढताना एक हात ओंडक्यावर टेकवा आणि सुरी सरळ मागे ओढा. त्या वेळी तुमच्या मागे कुणी उभं असता कामा नये, कारण घट्ट रुतलेली सुरी अचानक सुटते आणि कोपर जोरात मागे जातं. टॉमहॉक काढताना आधी दांडा वर उचला, पातं सैल होतं, मग ओढा.

झाडावर फेकू नका. जिवंत झाडाला झालेली जखम किडीला वाट करून देते आणि ती झाडाच्या जिवावर बेतू शकते.

पहिली फेक

टार्गेटपासून तीन मीटरवर जमिनीवर रेघ मारा. उजवखोरा असाल तर डावा पाय पुढे, त्याचा अंगठा रेघेवर. सुरी मुठीकडून हातोडी धरतो तशी धरा: चार बोटं गुंडाळलेली, अंगठा बाजूला टेकलेला. पकड घट्ट नको. हात हलवल्यावर सुरी पडू नये इतपत बास.

हात वर न्या, सुरी कानाच्या वर येऊ द्या, वजन मागच्या पायावर. मग वजन पुढच्या पायावर घेत हात सरळ रेषेत खाली आणा. मनगट आणि पुढचा हात एकाच दांडक्याचे दोन भाग असल्यासारखे राहिले पाहिजेत. हात टार्गेटच्या दिशेने सरळ होतो त्या क्षणी पकड ढिली होते आणि सुरी निसटते. निसटते हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बोटं उघडून सोडायला गेलात तर दर वेळी वेगळ्या क्षणी सुटेल. पुढे हात खाली मांडीपर्यंत जाऊ द्या, मध्येच अडवू नका.

जोर किती? ओंडक्यात टोक दोन सेंटिमीटर गेलं तरी पुष्कळ झालं. तुमच्या नैसर्गिक फेकीच्या अर्ध्या ताकदीवर सुरुवात करा आणि तिथेच राहा. दमलेला हात आणि ताजा हात एकसारखं फेकू शकतील तेवढाच जोर योग्य, कारण स्पर्धेत शेवटची फेकसुद्धा पहिल्यासारखीच लागते.

सुरुवातीला मध्यबिंदूकडे बघूही नका. सुरी रुतते का आणि कशी रुतते, एवढंच पाहायचं.

रुतलेली सुरी वाचायची

या खेळातलं खरं शिक्षण फेकीनंतर होतं. ओंडक्याजवळ जाऊन सुरीच्या मुठीचा कल बघा.

मूठ वर आणि टोक खाली असेल तर सुरी जरुरीपेक्षा जास्त फिरली. ती योग्य स्थितीत थोडी आधीच आली होती, म्हणून तुम्ही पुढे सरका. मूठ खाली लोंबत असेल आणि टोक वर असेल तर गिरकी पूर्ण झालेली नाही, मागे सरका. सुरी पूर्ण आडवी आपटून पडली तर जवळपास पाव गिरकीचा फरक आहे, अर्धा मीटर पुढे-मागे करून बघा. मुठीचं टोक आपटलं तर अर्ध्या गिरकीचा फरक.

सुरी रुतायला लागली की मात्र सरकायचं ते एका वेळी टाचेच्या रुंदीएवढंच. आणि सरकण्याआधी त्याच जागेवरून तीन फेकी करा. एका फेकीवरून निर्णय घेऊ नका; तीनही सुऱ्या एकाच बाजूला कललेल्या दिसल्या तरच जागा बदला. एक वर, एक खाली, एक सरळ असं दिसलं तर जागेचा दोष नाही, सुटण्याचा क्षण बदलतोय. अशा वेळी जोर आणखी कमी करा, मनगटाकडे लक्ष द्या.

पडलेल्या सुरीची खूणही वाचता येते. ओंडक्यावर जवळून पाहिलं तर टोकाचा छोटा त्रिकोणी खड्डा आणि त्याच्या वर किंवा खाली पात्याच्या कडेचा चट्टा दिसतो. खड्डा आणि त्याखाली चट्टा असेल तर टोक वर होतं, म्हणजे मागे जायचं. खड्ड्याच्या वर चट्टा असेल तर पुढे यायचं.

तीनही सुऱ्या सरळ रुतायला लागल्या की टेप घ्या आणि टार्गेटपासून पुढच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत अंतर मोजून वहीत लिहा. हे तुमचं एका गिरकीचं अंतर. ते तीन-साडेतीन मीटरच्या आसपास येईल, पण उंच माणसाचं आणि बुटक्या माणसाचं एकच येणार नाही, आणि सुरी बदलली की तेही बदलेल.

लांबची अंतरं

युरोथ्रोअर्सच्या नेमक्या फेकीच्या प्रकारात सुरी ३, ५ आणि ७ मीटरवरून, आणि टॉमहॉक किंवा कुऱ्हाड ४ आणि ७ मीटरवरून फेकतात. ही किमान अंतरं आहेत. रेघेच्या पुढे पाय गेला तर फेक बाद, पण थोडं मागे उभं राहायला हरकत नसते. म्हणून तुमचं नैसर्गिक अंतर रेघेच्या किंचित मागे पडलं तर उत्तम. पुढे पडलं तर पकड बदलावी लागते.

मुठीकडून फेकलेली सुरी पूर्ण गिरक्यांवर रुतते: एक, दोन, तीन. पात्याकडून धरून फेकली तर अर्ध्यावर: अर्धी, दीड, अडीच. पुढची प्रत्येक गिरकी दोन ते अडीच मीटर खाते. म्हणून बरेच खेळाडू ३ मीटरवर मुठीकडून, ५ मीटरवर पात्याकडून दीड गिरकी आणि ७ मीटरवर अडीच गिरकी असं जमवतात. पकड अर्ध्या सेंटिमीटरने वर-खाली करूनही गिरकी थोडी लांबवता-आखडता येते. मधल्या, अडनिड्या अंतरांसाठी हे शिकावंच लागतं, पण आधी नाही. एका अंतरावर मूळ फेक बसल्याशिवाय पकडीशी खेळायला लागलात तर काय बदललं आणि कशामुळे, काहीच कळत नाही.

५ मीटरवर गेलं की लोक नकळत जोर वाढवतात. ७ मीटरवर तर हमखास. तिथे फक्त हात सुटण्याची उंची केसभर वाढवायची. बाकी फेक तीच.

गिरकीच न घेता सुरी सरळ जाईल अशी नो-स्पिन फेक हा वेगळा प्रकार आहे. त्यात तर्जनी सुरीच्या पाठीवरून सरकत जाते आणि फिरणं थोपवते. सुंदर दिसतो आणि काही स्पर्धांत त्याची वेगळी फेरीही असते. मात्र दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका. एकाचं मनगट दुसऱ्याच्या आड येतं.

टॉमहॉकची फेक

सुरी जमलेल्याला टॉमहॉक सोपा वाटतो. दांडा लांब असल्यामुळे गिरकी सावकाश असते आणि धारेची चार इंचांची रुंदी थोड्या चुका झाकते. दांड्याच्या अगदी टोकाला धरा, अंगठा दांड्यावर उभा न ठेवता गुंडाळून. पात्याची धार सरळ टार्गेटकडे हवी, दांडा हातात जरा तिरका झाला की पातं तिरकंच जाऊन आपटतं. एका गिरकीला चार मीटरच्या आसपास, दोन गिरक्यांना सात.

वाचायची पद्धत तीच. दांड्याचं खालचं टोक आधी आपटलं तर गिरकी अपुरी आहे, मागे सरका. पात्याचा वरचा कोपरा तेवढा रुतला आणि दांडा बाहेर, वरच्या बाजूला आला तर गिरकी जास्त, पुढे या. चांगल्या फेकीत धारेचा वरचा अर्धा भाग आत शिरतो आणि दांडा ओंडक्याला जवळजवळ समांतर राहतो.

सरावाचं गुणांत रूपांतर

स्पर्धेच्या टार्गेटवर मध्याचा गोल १० सेंटिमीटर व्यासाचा, त्याला ५ गुण. बाहेरचं प्रत्येक वलय एकेक गुणाने कमी, शेवटच्याला १. रेषेला हत्यार टेकलं तर वरचे गुण मिळतात. म्हणजे तीनही सुऱ्या दहा सेंटिमीटरच्या गोलात बसवायच्या आहेत.

आधी गठ्ठा, मग मध्य. तीन सुऱ्या चुकीच्या ठिकाणी पण जवळ-जवळ लागत असतील तर तुम्ही मध्यबिंदूच्या फार जवळ आहात. नजर दुसऱ्या बिंदूवर ठेवली की अख्खा गठ्ठा सरकतो. सुऱ्या विखुरलेल्या असतील तर एखादी मध्यात लागली म्हणून खूश होऊ नका. डावी-उजवीकडे चुकत असेल तर खांदा आणि पुढचा पाय बघा, वर-खाली चुकत असेल तर सुटण्याचा क्षण.

सराव रोज थोडा. खांद्याला आणि कोपराला फेकीचा ताण जाणवायला वेळ लागतो आणि जाणवतो तेव्हा उशीर झालेला असतो. आधी खांदे फिरवून गरम करा, दुखायला लागलं की थांबा. दमलेल्या हाताने केलेला सराव चुकीची फेकच पक्की करतो.

आठवड्यातून एकदा स्पर्धेसारखे गुण मोजा. टेपने अंतर, ठरलेल्या फेकी, पुन्हा संधी नाही, तारीख टाकून वहीत बेरीज. जमलं तर कुणाला तरी मागे उभं करा. मागे कुणी असलं की हात घाई करतो, आणि ही घाई स्पर्धेआधीच ओळखीची झालेली बरी.

स्पर्धेच्या दिवशी

नोंदणीच्या वेळी हत्यारांची तपासणी होते: लांबी, पात्याची रुंदी, धार. फेरीत तीन-तीन फेकी, मग सगळे पुढे जातात आणि गुण नोंदणारा रुतलेल्या हत्यारांवर बोट न लावता आकडे म्हणतो. त्याने आकडा म्हणेपर्यंत तुम्हीही हात लावू नका. काढलेल्या सुरीबद्दल वाद घालता येत नाही. सुरी रुतली नाही तर शून्य, भले ती मध्यावर आपटली असो.

दुसऱ्याची सुरी तुमच्या सुरीवर येऊन आदळत नाही, पण स्वतःचीच दुसरी पहिलीवर आदळते, आणि गठ्ठा चांगला असेल तितकी जास्त. अनुभवी खेळाडू पहिली सुरी मध्यात बसली की दुसरी किंचित बाजूला धरतात. अशी अडचण येणं हे नेम सुधारल्याचं लक्षण आहे.

लीगमध्ये गणित वेगळं. डब्ल्यूएटीएलमध्ये १२ फुटांवरून १० फेकी, मध्याला ६ गुण, वरच्या कोपऱ्यांतल्या निळ्या ठिपक्यांना ८. ठिपक्यावर फेकायचं हे आधी जाहीर करावं लागतं आणि सामन्यात दोनदाच करता येतं. म्हणून सर्वोच्च गुण ६४. आयएटीएफमध्ये पाच फेकींच्या तीन फेऱ्या, मध्याला ५, आणि पाचव्या फेकीला हिरवा ठिपका पुकारला तर ७. तिथे सर्वोच्च ८१. नवख्याने ठिपक्याच्या मोहात पडू नये. ठिपका चुकला तर त्या फेकीचे गुण हातचे जातात, आणि मध्यावरची खात्रीची फेक सामने जिंकून देते.

कानस जवळ ठेवा

सुरीवर सुरी आदळली की कडेला पोलादाची बारीक कूस उभी राहते. डोळ्याला ती दिसत नाही, कापडावरून सुरी फिरवली तर धागा अडकतो. पात्याकडून धरून फेकणाऱ्याची तर्जनी हीच कूस चिरते, आणि रक्त येईपर्यंत कळतही नाही. म्हणून सरावात मधूनमधून प्रत्येक सुरीच्या कडेवरून चपटी कानस फिरवा. टोक बोथट झालं तर तेही कानशीनेच घासा. ग्राइंडरवर धरलं तर पोलाद तापून मऊ पडतं. टोक सुईसारखं करू नका, ते वळतं.

टॉमहॉकच्या दांड्याला अळशीचं तेल लावत राहा. पात्याच्या लगेच खाली बोट फिरवून चीर शोधा. दांडा तुटतो तो बहुधा तिथेच.

महाराष्ट्रात हा छंद करायचा तर

नेमाने हत्यार फेकणं आपल्याकडे नवं नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत दोरी बांधलेला विटा (एक प्रकारचा भाला) फेकून परत ओढून घेतात. सुरी-टॉमहॉकचा खेळ मात्र इथे स्वतःच उभा करावा लागेल. ओंडक्यासाठी लाकडाच्या वखारीत सावर किंवा पांगाऱ्याचा जाड बुंधा मागा. दोन्ही मऊ आहेत. साग-बाभळीवर वेळ घालवू नका.

कायदा आधी समजून घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या वगैरे कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. केंद्राने अधिसूचित केलेल्या भागांत त्यांना परवाना लागतो. फेकायची सुरी ना घरगुती ना शेतीची, म्हणून ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदी या मर्यादेत पातं राहील अशीच घ्या. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरांत आणि जिल्ह्यांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात सार्वजनिक जागी हत्यार बाळगणं हाच गुन्हा होतो. म्हणून सराव स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या खासगी जागेत, बांध आणि कुंपणाच्या आत. हत्यारं तिथेच कुलपात ठेवा, गाडीत घालून फिरवू नका. हत्यार हातात घेऊन केलेले व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यावरून गुन्हे दाखल होतात. क्लब काढायचा विचार असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा आणि पोहोच घेऊन ठेवा.

अमेरिकेतही राज्याराज्यांत फरक आहे. टेक्सासमध्येच २०१७ पर्यंत फेकायची सुरी घेऊन बाहेर फिरणं बेकायदा होतं. आता चालतं, पण साडेपाच इंचांहून लांब पातं शाळेसारख्या ठरावीक ठिकाणी नेता येत नाही. दुसऱ्या राज्यात स्पर्धेला निघालात तर तिथला कायदा आणि स्पर्धेचं नियमपत्रक दोन्ही निघण्याआधी वाचा. विमानाने जात असाल तर हत्यारं म्यानात किंवा जाड पुठ्ठ्यात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेतच टाका, आणि टॉमहॉकचं पातं दांड्यावरून काढून वेगळं ठेवा.